दोन फेरे मागे

पाइपातून काय जाणार आहे हे खळदरीच्या लोकांना समजावून सांगायला कंपनीने सोड्याच्या बाटल्या आणल्या होत्या. शाळेच्या पटांगणात सतरंज्या टाकल्या, प्रत्येकाला एकेक बाटली दिली, आणि एक पोरगेलासा साहेब म्हणाला, "हे बुडबुडे येतात ना, तेच आपल्या पाइपातून जाणार. यात घाबरण्यासारखं काय आहे?" लोक सोडा प्यायले, ढेकर दिले आणि अंगठे-सह्या करून घरी गेले.

वनिता अवचारने आपली बाटली न फोडता घरी आणली. नवऱ्यापुढे ठेवून म्हणाली, "बुडबुडेच हायेत तर एवढा जाड पाइप कायले लागते?"

मुरलीधर म्हणाला, "लय हायेत म्हणून."

"मग ते बाहेर आले तर?"

"येत नाहीत. त्याच्यासाठीच तर मले नोकरीवर घेतलं."

"मग झालंच," वनिता म्हणाली आणि तिने बाटली फडताळात ठेवून दिली.

सिमेंटच्या आणि विजेच्या कारखान्यांना धूर आभाळात सोडायची बंदी झाली, तेव्हाची ही गोष्ट. धुरातला कार्बन डायऑक्साइड वेगळा काढायचा, तो पाण्यासारखा वाहू लागेपर्यंत दाबायचा आणि शेकडो किलोमीटर दूर नेऊन जमिनीत सोडायचा, अशी योजना निघाली. महाराष्ट्राच्या पोटात काळ्या पाषाणाचे थरावर थर आहेत. त्यात खोल भोक पाडून पाण्याबरोबर हा वायू आत घातला की पाषाणातल्या चुन्याशी तो एकजीव होतो आणि काही वर्षांत त्याचा पांढरा दगड बनतो. तो दगड पुन्हा हवेत येत नाही. युक्ती खरी होती आणि चांगली होती. पुढे जे झालं त्यानंतरही मुरलीधरचं हे मत बदललं नाही.

अडचण एवढीच होती की धूर पूर्वेला होता आणि जाड पाषाण पश्चिमेला. मधल्या वाटेवर खळदरी लागत होती. चारी बाजूंना टेकड्या आणि मध्ये वाटीच्या तळाशी बसावं तसं गाव. हा वायू हवेपेक्षा जड असतो. सुटला तर वर जात नाही, उताराने खाली येतो आणि खोलगट जागी साचतो. त्याला वास नसतो. तो साचला की तिथल्या माणसाला श्वास घ्यायला हवा उरत नाही. साहेबांनी हेही सांगितलं होतं, पण सोडा वाटून झाल्यावर.

लाइनीवर ठरावीक अंतराने वाल बसवले होते. पाइप कुठे फुटला तर त्याच्या दोन्ही बाजूंचे वाल बंद करायचे, म्हणजे मधल्या तुकड्यात जेवढा वायू असेल तेवढाच बाहेर पडेल. खळदरीच्या वरच्या टेकडीवर असा एक वाल होता. माणसापेक्षा उंच, पिवळा रंग दिलेला. त्याच्या पोटात आरपार भोक असलेला पोलादी गोळा. भोक पाइपाच्या रेषेत असलं की वाट मोकळी, गोळा पाव फेरा वळवला की भोक आडवं होऊन वाट बंद. पण आतला दाब असा की दहा माणसं लोंबकळली तरी गोळा जागचा हलला नसता. म्हणून त्याच्यावर गिअर होता. बाहेरचं चाक फिरवलं की आतलं मळसूत्र फिरायचं, मळसूत्र एका दातेरी चाकाला एकेक दात पुढे ढकलायचं आणि गोळा तसूतसूने वळायचा. मळसूत्र दातेरी चाकाला फिरवतं, दातेरी चाक मात्र मळसूत्राला फिरवू शकत नाही. त्यामुळे हात जिथे थांबला तिथेच वाल थांबतो. आतून कितीही रेटा आला तरी तो उलटा जात नाही. शिकवणारे म्हणायचे, लहान पोरही हा वाल बंद करू शकतं, फक्त त्याला वेळ द्यावा लागतो. ताकद जेवढी कमी लागते तेवढा वेळ जास्त जातो. गिअर फुकट काही देत नाही.

रोजचं काम मोटर करायची. कंट्रोल रूममधून बटण दाबलं की चाक आपलं आपण फिरायचं. मोटर बंद पडली तरच हात लावायचा, आणि मोटर कधी बंद पडली नव्हती.

या कामासाठी कंपनीने ठिकठिकाणच्या नगरपरिषदांचे व्हॉल्व्हमन घेतले. पाणीपुरवठ्यात उमेदीची वर्षं गेलेली माणसं, चाकाची सवय असलेली. मुरलीधर तसा आला. त्याच्या मागोमाग त्याचा मेव्हणा, वनिताचा धाकटा भाऊ प्रल्हाद खिल्लारे आला. प्रल्हादला पाण्याच्या कामावर मुरलीधरनेच लावला होता, आणि वाल कसा धरायचा, कसा सोडायचा, हेही त्यानेच शिकवलं होतं.

पाण्याचा वाल वेगळा असतो. त्यात फाटकासारखी पाती वरून खाली उतरते. खाचेत गाळ असतो, गंज असतो. वाल बंद करून तसाच आवळून ठेवला तर पाती खाचेत धरते आणि दुसऱ्या दिवशी उघडता उघडत नाही. म्हणून सगळ्या व्हॉल्व्हमनची एकच रीत होती: वाल पुरता बंद करायचा, मग चाक दोन फेरे मागे घ्यायचं. थोडं पाणी झिरपायचं. झिरपू द्यायचं. शेवटच्या गल्लीतल्या बाया त्या झिरपत्या धारेवर दोन-दोन हंडे भरून घ्यायच्या आणि व्हॉल्व्हमनला दिवाळीत फराळ द्यायच्या.

कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये इंजिनिअर बाईंनी सांगितलं होतं की हा वाल शेवटपर्यंत बंद करायचा आणि तसाच ठेवायचा. सगळ्यांनी माना डोलावल्या. नंतर चहा आला.

टेकडीवरच्या पत्र्याच्या केबिनमध्ये दोघांची पाळी बदलायची तेव्हा रोज थोडा वेळ बसणं व्हायचं. प्रल्हाद म्हणायचा, "इथं बसून पगार घेणं म्हणजे पाप हाये, भाऊजी. ना पाणी नाही आलं म्हणून कोणाच्या शिव्या, ना मोर्चा, ना काही."

"शिव्या पाहिजे असतील तर तुया बहिणीले फोन लाव."

"तिच्या शिव्या तुमच्या वाट्याच्या. मी कायले घेऊ?"

हिवाळ्यातल्या एका सकाळी दोघे असेच बसले होते. प्रल्हादची पाळी संपली होती, मुरलीधरची सुरू व्हायची होती. ऊन टेकडीवर आलं होतं, खाली गावात अजून गारवा होता. वारा अजिबात नव्हता. घराघरांतून निघालेला चुलीचा धूर वर न जाता छपरांवरच पसरून राहिला होता.

आधी पायाखालची जमीन हलली. मग आवाज आला. खालच्या नाल्यावर, जिथे पाइप ओलांडून जात होता, तिथून पांढरा लोट उसळला आणि उंच जाऊन परत खाली कोसळला. केबिनमधला दिवा गेला. पाइप फुटताना त्याने शेजारची केबल तोडली होती. मोटर मेली.

कंट्रोल रूमचा फोन आला. "पलीकडचा वाल आम्ही बंद केला. तुमचा दिसत नाही. हाताने घ्या."

प्रल्हाद आधीच चाकावर होता. दोघांनी आळीपाळीने फिरवायला सुरुवात केली. एक दमला की दुसरा. चाक जड नव्हतं, हेच वाईट होतं. जड असतं तर जोर लावता आला असता. इथे जोर लावून काही उपयोग नव्हता. फक्त फिरवत राहायचं होतं, आणि गोळा आत आपल्या चालीने वळणार होता. वालाच्या अंगावर बर्फ धरू लागलं. सुटणारा वायू पाइपालाही गार करत होता. वाल किती बंद झाला हे दाखवणारी सुई दवाच्या पांढऱ्या थराखाली गेली.

वरून गाव दिसत होतं. पांढरं धुकं नाल्याच्या वाटेने हळूहळू, एखादं जनावर चालावं तसं गावात शिरत होतं. एक गाडी घाईने चढाला लागली आणि मध्येच थांबली. इंजिनलाही हवा लागते. गाडीतून दोघे जण उतरले, चार पावलं चालले आणि खाली बसले. मग दिसले नाहीत.

"भाऊजी, मी खाली जातो," प्रल्हाद म्हणाला. "ताई तिथं हाये. माह्यं घर तिथं हाये."

"जाऊन तू काय करशील? तूही पडशील. फिरव."

कंट्रोल रूमचा फोन पुन्हा पुन्हा वाजत होता. मुरलीधर घेत होता आणि "चालू आहे, चालू आहे" एवढंच सांगून ठेवत होता. चाक घट्ट येऊ लागलं, म्हणजे शेवट जवळ आला, तेव्हा पुन्हा फोन वाजला. त्याने चाक प्रल्हादच्या हाती दिलं आणि आवाजापासून दूर, केबिनच्या मागे गेला. यावेळी फोन वनिताचा होता.

ती शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. त्यासाठी पोरांच्या आधी, सकाळीच जायची.

"अहो, मी शाळेच्या गच्चीवर हाय. आम्ही सात-आठ जण हाओत. खाली सगळं पांढरं झालं. कुत्रे पडले रस्त्यावर."

"तू ठीक हायेस ना?"

"मी ठीक हाय. जिन्यापाशी थोडंसंच हाये, घोट्याइतकं. मागच्या वाटेनं टेकडीवर जाऊ का आम्ही? पळत गेलं तर होते."

मुरलीधरने केबिनच्या कोपऱ्यावरून ओरडून विचारलं, "झाला का?"

"झाला," प्रल्हाद ओरडला. "बंद झाला, भाऊजी."

मुरलीधर फोनमध्ये म्हणाला, "वाल बंद झाला. आता नवा येत नाही. तू हायेस तिथंच थांब. खाली उतरली तर श्वास लागेल. वारा सुटला की जाईल सगळं."

"बरं," वनिता म्हणाली. "तुमचा डबा राहिला बघा. द्यायले कोणीच गावलं नाही."

दोघे टेकडी उतरून धुक्याच्या कडेपर्यंत गेले. पुढे जाता येत नव्हतं. चार पावलं टाकली की डोकं गरगरायचं. ते कडेला उभे राहिले. नाल्यातला आवाज कमी झाला होता, थांबला नव्हता. शिट्टीसारखं काही तरी सतत ऐकू येत होतं. प्रल्हाद म्हणाला, "मधला तुकडा रिकामा होत असन." मुरलीधरला तसंच वाटलं. तुकडा लांबच होता.

धुकं मात्र उतरत नव्हतं. मघाशी शाळेच्या खिडक्या दिसत होत्या, त्या आता दिसत नव्हत्या. मुरलीधरने फोन लावला. वाजला, पण कोणी घेतला नाही. पुन्हा लावला. शेवटी कंपनीने टेकडीवरच्या वालाच्याही मागचा वाल बंद करून सगळी लाइन थांबवली, वारा सुटला आणि प्राणवायूचे मुखवटे घातलेली माणसं आली, तेव्हा दुपार झाली होती.

मुरलीधरने एक मुखवटा हिसकावून घेतला आणि तो त्यांच्याआधी शाळेत गेला. वनिता जिन्याच्या वरच्या पायरीवर पडली होती. तिचा पदर जिन्याच्या गजात अडकला होता. परक्या माणसांनी तिला उचलावं हे त्याला नको होतं. त्याने पदर सोडवला, तिला उचलून खाली आणलं आणि स्वयंपाकाच्या खोलीत, तिच्या रोजच्या जागी ठेवून तिच्यावर चादर टाकली. नंतर आलेल्यांना ती तिथे सापडली. प्रल्हाद तोवर आपल्या बायकोला शोधत गावात फिरत होता. ती आदल्या दिवशी माहेरी गेली होती, हे त्याला त्या गडबडीत आठवलंच नव्हतं.

शाळेमागच्या पायवाटेने टेकडीवर पळालेले बरेचसे लोक वाचले. गच्चीवरचं कोणी वाचलं नाही.

चौकशी समिती बसली. नाल्यावरचं वेल्डिंग कच्चं होतं, ते तपासलं गेलं नव्हतं, असं निघालं. गावाने कंपनीवर खटला भरला. आयुष्यात पहिल्यांदा खळदरीच्या लोकांचं म्हणणं कोणी तरी कागद पुढे ओढून ऐकत होतं. प्रल्हाद आणि त्याची बायको मुरलीधरकडे येऊन राहिली. ती भाकरी करायची, तिघे जेवायचे. बोलणं फारसं नसायचं. प्रल्हाद कधी कधी वनिताची लहानपणची एखादी खोडी सांगायचा, मुरलीधर ऐकायचा. ती लहान असतानाची गोष्ट सांगणारा दुसरा कोणी आता राहिला नव्हता.

दुरुस्तीचं काम सुरू करायचं ठरलं तेव्हा इंजिनिअर बाईंनी मुरलीधरला बोलावून घेतलं. इनामदार त्यांचं नाव. ट्रेनिंग त्यांनीच घेतलं होतं, आणि वेल्डिंग कच्चं असल्याचा अहवालही वरिष्ठांचं न ऐकता त्यांनीच दिला होता.

"खाली माणसं उतरवायच्या आधी वाल नीट बंद आहे ना, तेवढं हात लावून बघा," त्या म्हणाल्या. सुई "बंद"च्या खुणेला टेकलेली दिसत होती. समितीने तिचे फोटो काढून नेले होते. सुई बोटाएवढी जाड होती, थोडाफार फरक तिच्याखालीच झाकला जायचा.

मुरलीधरने चाक बंदच्या दिशेने ओढलं. ते हलायला नको होतं. ते हललं. एक फेरा झाला, आणखी एक झाला, आणि मग खाली दगड लागावा तसं अडलं.

त्याने हात काढून घेतले. त्या दोन फेऱ्यांत गोळ्याची फट किती राहत असेल, हे त्याने मनात धरून पाहिलं. बोटाच्या कांड्याएवढी. पाण्याच्या पाइपाला ती फट म्हणजे दोन हंड्यांची धार झाली असती.

इनामदार बाई शेजारीच होत्या. त्यांनीही पाहिलं होतं.

"अवचार," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "हे मी पाहिलं नाही. तुम्हीही पाहिलं नाही."

"मॅडम, माही बायको त्याच्यानं गेली."

"पाइप वेल्डिंगने फुटला. तो फुटला नसता तर या वालाला कोणी हातही लावला नसता. कंपनी एक माणूस शोधते आहे. तो मिळाला की वेल्डिंगकडे कोणी ढुंकून बघणार नाही. तुमच्या गावाचा खटला जाईल आणि तुमचा मेव्हणा आत जाईल."

"बाकीच्या वालांचं काय?"

"मी सूचना काढते. हाताने बंद करताना शेवटपर्यंत बंद करावा."

"सूचना तर पहिलेही होतीच," मुरलीधर म्हणाला.

 बाई उन्हात उभ्या राहिल्या आणि मग गाडीकडे गेल्या.

मुरलीधरने आधी सोपी वाट धरून पाहिली. लाइनीवरच्या जुन्या सोबत्यांना त्याने फोन लावले. "बाबूराव, वाल हातानं बंद केला तर मागं नको घेऊ."

"आता म्हातारपणी मले वाल शिकवता का, अवचार?"

"नाही, पण आपल्याले सवय असते."

"असते तर असते. मोटर करते ना सगळं. तुमी जेवले का?"

दुसरा हसला. तिसऱ्याने हो हो म्हटलं आणि वनिताबद्दल वाईट वाटलं म्हणून सांगितलं. कोणी कानावर घेतलं नाही. घ्यायला काही कारण नव्हतं. कारण सांगायचं म्हणजे खळदरीत काय झालं ते सांगावं लागणार होतं. त्या लाइनीवर दरीत बसलेली दुसरीही गावं होती. प्रत्येक गावाच्या डोक्यावर एक वाल होता, आणि प्रत्येक वालापाशी पाण्याच्या खात्यातला एक माणूस, ज्याच्या हाताला तीच रीत होती.

एका सकाळी तो प्रल्हादला घेऊन टेकडीवर गेला.  वालापाशी आल्यावर म्हणाला, "त्या दिवशी हा पुरता बंद नव्हता. दोन फेरे उघडा होता."

प्रल्हाद त्याच्याकडे पाहत राहिला. "मी बंद केला होता. अडेपर्यंत फिरवला होता. तुमाले सांगतलंही."

"बंद केला. मग मागं घेतला."

"नाही घेतला."

"आठवते का?"

"न केलेलं काय आठवीन?"

"लाइन रिकामी हाये. उघड थोडा आणि बंद करून दाखव."

प्रल्हाद रागावला होता. त्याने चाक झटक्याने उघडलं आणि परत बंद करायला लागला. फिरवता फिरवता बोलत होता. "तुमाले काय वाटते, मले समजत नाही? ट्रेनिंगमध्ये मी काय झोपलो होतो? हा काही नळाचा वाल नाही, हे मलेही समजते, भाऊजी." चाक अडलं. "ताई खाली होती. माही ताई खाली असताना मी असं करीन का? मले एवढी अक्कल नाही का? तुमी माह्यावर असा आळ…"

बोलत असताना त्याचे हात चाक मागे घेत होते. एक फेरा, दोन फेरे. मग हात आपोआप थांबले आणि त्याने ते पँटला पुसले, काम झालं की व्हॉल्व्हमन पुसतो तसे.



प्रल्हादने चाकाकडे पाहिलं. मग हातांकडे. त्याने चाक पुन्हा बंदच्या बाजूला ढकललं. ते सरकलं. तो खाली मातीत बसला आणि बराच वेळ उठला नाही.

"मले मालूमच नव्हतं," तो शेवटी म्हणाला. "आताही मालूम पडलं नाही."

"मलेही पडलं नसतं. माह्या हातात चाक असतं तर मीही तेच केलं असतं. तुले मीच शिकवलं."

"चाक तुमच्या हातात नव्हतं ना." थोड्या वेळाने त्याने विचारलं, "कोणाकोणाले सांगतलं?"

"कोणालेच नाही. तुले सांगितल्याशिवाय कोणाले सांगणार होतो?"

"आणि मी नाही म्हटलं तर?"

मुरलीधरने याचा विचार केला होता. अनेक दिवस तोच विचार केला होता. "तर मी सांगन," तो म्हणाला. "तुही माफी मागून सांगन. पण सांगन."

प्रल्हाद उठला. "तुमचं कोणी ऐकणार नाही. लावा फोन. मी बोलतो."

त्याने तिथेच, वालाला टेकून, एकेका सोबत्याशी बोलून घेतलं. "मी प्रल्हाद खिल्लारे, खळदरीचा. मी वाल बंद करून दोन फेरे मागं घेतला. माहे हात माह्या ध्यानात राहिले नाहीत. गच्चीवरची माणसं त्याच्यानं गेली. तू आता उठून तुह्या चाकापाशी जा आणि बंद करून पाहा." पलीकडून कोणी म्हणायचं, बावा, हे कोणाजवळ बोलू नको. प्रल्हाद म्हणायचा, तू पहिले चाकापाशी जा.

लाइन सगळीकडे बंदच होती. संध्याकाळपर्यंत फोन परत येत राहिले. बाबूरावचा आवाज ओळखू येत नव्हता. "माहेही हात मागं आले, अवचार. मी आवळून धरले होते, तरी आले." दुसऱ्याचे दीड फेरे मागे आले होते. तिसऱ्याने बायकोला शेजारी उभं करून पाहिलं होतं, तिने सांगितलं तेव्हा त्याला कळलं. जेवढे फोन आले त्यातल्या एकाचेही हात जागेवर राहिले नव्हते.

पुढे इनामदार बाई म्हणाल्या तसंच झालं. कंपनीला माणूस मिळाला. प्रल्हादचा जबाब पहिल्या पानावर आला आणि वेल्डिंगचा अहवाल पुढच्या सुनावणीपासून कोणी वाचला नाही. बाईंची बदली झाली. खळदरीच्या लोकांनी अवचारच्या घराकडे पाहणं सोडलं. मुरलीधर दुकानात गेला तर दुकानदार सामान देई, पण हातात न देता फळीवर ठेवी. ज्यांची माणसं गेली त्यांचा खटलाही गेला, आणि तो आपल्यामुळे गेला हे मुरलीधरला मान्य होतं. प्रल्हादची बायको माहेरी निघून गेली. जाताना म्हणाली, "तुमी गप्प राहिले असते तर काय बिघडलं असतं, भाऊजी? गेलेले काही आले का परत?"

"नाही," मुरलीधर म्हणाला.

प्रत्येक वालाला आता एक आडवी खीळ बसवली होती. बंद केल्यावर ती आपोआप खाली पडायची आणि चाक मागे येऊ द्यायची नाही. पावसाळ्यानंतर एका दुसऱ्या गावाजवळ पाइपाला चीर गेली. तिथल्या व्हॉल्व्हमनने वाल बंद केला, खीळ पडली आणि गावातलं कोणी दगावलं नाही. त्या गावात ही बातमीसुद्धा झाली नाही. मुरलीधरला ती बाबूरावकडून कळली.

ती सांगायला तो जिल्ह्याच्या कारागृहात गेला. मधल्या काचेपलीकडे प्रल्हाद बसला होता. वाळला होता. बातमी ऐकून त्याने मान हलवली.

"खीळ कोणत्या बाजूनं बसवली?"

"मळसूत्राच्या."

"बरोबर हाये."

 मग प्रल्हाद काचेच्या जवळ आला.

"भाऊजी, एक विचारतो. गच्चीवरची माणसं पहिल्या लोटात गेली नाहीत. ते मागून आलेल्यानं गेली, माह्या फेऱ्यांनी. ते मी कोर्टात कबूल केलं. पण ताई खाली सैपाकाच्या खोलीत होती. तुमाले तिथंच सापडली ना?"

"हो."

"म्हणजे ती पहिल्याच लोटात गेली."

काचेवर आधी येऊन गेलेल्यांच्या बोटांचे ठसे होते. मुरलीधर त्यांच्याकडे पाहत राहिला.

"हो," तो म्हणाला. "चुलीपाशीच होती. वाल बंद व्हायच्या कितीतरी पहिले गेली ती."

"तिले काही समजलं नसन."

"काही नाही समजलं."

"फोनही नसन करता आला."

"कोणाले करीन? वेळच नव्हता."

प्रल्हादने डोळे मिटले. त्याचे दोन्ही हात मांडीवर पडले होते. ते पहिल्यांदाच सैल दिसत होते.

"चांगलं झालं," तो म्हणाला.

"हो," मुरलीधर म्हणाला. "चांगलं झालं."